वचन आणि चिठ्ठी : प्रोग्रामातील इंटरफेस व जेनेरिक्स

स्मरणिकेत संस्थेची वाटचाल असावी, देणगीदारांची नावे असावीत, हे रीतीला धरूनच आहे. परंतु घरोघरची मुले आज जे शिकत आहेत त्यातले काही पालकांस समजेल अशा भाषेत यावे, अशी संपादक मंडळींची सूचना झाली, म्हणून हा लेख. गोवा सरकारने २०२१ साली शाळांतून कोडिंग व रोबोटिक्स शिकविण्याची योजना हाती घेतली. त्यामुळे पेडणे-डिचोलीच्या खेड्यांतील मुलांच्या तोंडीही आता प्रोग्राम, कोड, बग हे शब्द सहज येतात. हीच मुले पुढे कॉलेजात जावा किंवा सी-शार्प शिकू लागली की दोन प्रकरणांपाशी हटकून अडतात. एक इंटरफेस आणि दुसरे जेनेरिक्स. मग व्याख्या पाठ होतात, गुण मिळतात, आणि विषय तिथेच राहतो. वास्तविक पाठ करण्यासारखे त्यात फारसे नाही. ज्या अडचणींतून या दोन कल्पना निघाल्या, त्या आपल्या शिष्यवृत्तीच्या वहीतही आहेत.

प्रथम ऑब्जेक्ट म्हणजे काय ते पाहू. जुन्या पद्धतीच्या प्रोग्रामात माहिती एकीकडे व तिच्यावर करावयाची कामे दुसरीकडे असत. ओस्लो येथील ओले-योहान डाल व क्रिस्टेन नीगार्ड या दोघा नॉर्वेजियन शास्त्रज्ञांनी सिम्युला ६७ या भाषेत माहिती आणि तिची कामे एकाच गाठोड्यात बांधली. हे गाठोडे म्हणजे ऑब्जेक्ट, आणि ते ज्या साच्यातून निघते तो क्लास. ‘विद्यार्थी’ हा एक क्लास मानला, तर शिष्यवृत्तीचा प्रत्येक अर्जदार हा त्या साच्यातून निघालेला एकेक ऑब्जेक्ट होय. त्याच्यापाशी नाव, गाव, इयत्ता ही माहिती असते, आणि ‘तुझे गुण सांग’ म्हटले की तो गुण सांगतो.

आता इंटरफेस. हा शब्द आपल्या खिशात केव्हाच येऊन बसला आहे. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने २०१६ साली आणलेल्या यूपीआयमधले शेवटचे ‘आय’ म्हणजे इंटरफेसच. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरच्या विकणारी बाई कागदावरचा चौकोनी ठसा पुढे करते. घेणाऱ्याचे खाते कोणत्या बँकेत आहे, त्या बँकेचे हिशेब कोणत्या यंत्रावर चालतात, याची तिला गरज नाही, आणि बँकांनाही एकमेकींच्या आतल्या कारभारात डोकावावे लागत नाही. ‘खात्यातून इतके काढ’, ‘खात्यात इतके भर’, ‘झाले की नाही ते कळव’ अशा ठराविक विचारणांना ठरल्या रीतीने उत्तर देईन, एवढे वचन प्रत्येक बँकेने दिलेले असते. वचन एकच, पाळण्याची रीत ज्याची त्याची.

प्रोग्रामातला इंटरफेस हेच लहान प्रमाणावर करतो. तो म्हणजे कामांच्या नावांची केवळ यादी. काय विचारता येईल आणि उत्तर कोणत्या प्रकारचे येईल एवढे त्यात लिहिलेले असते. काम कसे करावे हे तिथे नसते. (जावाने २०१४ पासून थोडा मजकूर आत लिहिण्याची मुभा दिली, पण मूळ कल्पना हीच.) एखादा क्लास ‘मी हा इंटरफेस पाळतो’ असे जाहीर करतो, आणि त्यातले एकही काम लिहावयाचे राहिले तर कंपायलर, म्हणजे प्रोग्राम चालण्यापूर्वी तो तपासणारा कारकून, कागद परत करतो. आपली मदत काही कुटुंबांना धनादेशाने जाते, काहींना थेट खात्यात, तर काहींना वह्या-पुस्तकांच्या रूपाने. तिन्हींचे क्लास वेगळे लिहावेत, पण ‘मदत पोचव’ व ‘पोच दे’ ही दोन कामे सांगणारा इंटरफेस तिघांनी पाळावा. मग वाटपाचा मुख्य प्रोग्राम एकदाच लिहून होतो. पुढे चौथी पद्धत निघाली तरी त्याला हात लावावा लागत नाही.

जेनेरिक्सची गोष्ट डब्यांवरच्या चिठ्ठ्यांची आहे. स्वयंपाकघरात एकसारखे दहा डबे असले आणि एकावरही चिठ्ठी नसली, तर साखरेच्या जागी मीठ पडते, आणि ते कळते चहाचा घोट घेतल्यावर. जावा भाषा १९९६ साली आली तेव्हा तिच्यातल्या याद्या अशाच बिनचिठ्ठीच्या होत्या. यादीत विद्यार्थी घाला, देणगीदार घाला, पुस्तकाचे नाव घाला, ती काहीही घेई. बाहेर काढताना मात्र ‘हा विद्यार्थीच आहे’ असे प्रोग्राम लिहिणाऱ्याने आपल्या जबाबदारीवर सांगावयाचे. ते खोटे ठरले तर प्रोग्राम चालता चालता कोसळे, तोही बहुधा ऐन कामाच्या दिवशी.

यावर साधा उपाय म्हणजे विद्यार्थ्यांची यादी, देणगीदारांची यादी, पुस्तकांची यादी असे वेगवेगळे क्लास लिहिणे. पण तेच ते पुन्हा लिहावे लागते, आणि एका ठिकाणी दुरुस्त केलेली चूक दुसऱ्या ठिकाणी तशीच राहते. जेनेरिक्सने तिसरा मार्ग दाखविला. यादी एकदाच लिहावयाची, तीत काय राहील त्या जागी एक रिकामे अक्षर ठेवावयाचे, आणि वापरताना कोनी कंसात ‘विद्यार्थी’ किंवा ‘देणगीदार’ अशी चिठ्ठी लावावयाची. त्यानंतर विद्यार्थ्यांच्या यादीत कोणी देणगीदार घालू लागला तर कंपायलर तिथेच हात धरतो. चूक तीच, पण ती चहाच्या घोटाऐवजी डबा भरतानाच सापडते.

ही कल्पना नवी नव्हती. एमआयटीतील बार्बरा लिस्कोव्ह यांच्या क्लू या भाषेत ती १९७० च्या दशकातच होती. जावासाठी मार्टिन ओडर्स्की, फिलिप वॉडलर, गिलाड ब्राखा व डेव्हिड स्टाउटामायर यांनी १९९८ साली आराखडा मांडला, आणि २००४ साली ती जावात आली. सी-शार्पमध्ये २००५ साली आली. गूगलच्या गो भाषेने तर २००९ पासून तिच्यावाचून काम चालविले आणि २०२२ साली तिला घरात घेतले. इतक्या जाणत्या मंडळींना जिथे वेळ लागला, तिथे आपली मुले पहिल्या वाचनात अडली तर त्यांना मठ्ठ म्हणू नये.

मुले सर्वांत जास्त गोंधळतात ती जागा अशी. विद्यार्थी ही एक व्यक्ती आहे. तर मग विद्यार्थ्यांची यादी ही व्यक्तींची यादी झाली की नाही? कोणीही ‘झाली’ म्हणेल. जावाचा कंपायलर ‘नाही’ म्हणतो, आणि त्याचेच बरोबर आहे. समजा, शिष्यवृत्तीची यादी ‘व्यक्तींची यादी’ म्हणून एखाद्या कारकुनाच्या हाती दिली. व्यक्तींच्या यादीत कोणतीही व्यक्ती घालता येते. त्याने प्रामाणिकपणे एका देणगीदाराचे नाव तीत घातले, आणि उद्या ज्याने पैसे दिले त्यालाच शिष्यवृत्ती निघाली! यादी नुसती वाचावयाची असेल तर हे भय नाही, म्हणून ‘कोणत्याही प्रकारच्या व्यक्तींची यादी, पण भर घालावयाची नाही’ अशी वेगळी चिठ्ठी जावात आहे. वाचण्याचा हक्क आणि भर घालण्याचा हक्क वेगळे आहेत, हे प्रत्येक संस्थेचा खजिनदार जाणतोच. जावाच्या जुन्या ॲरेमध्ये ही काळजी घेतलेली नाही. तिथे ही चूक आजही प्रोग्राम चालू लागल्यावरच उघडी पडते.

आणखी एक चमत्कारिक बाब. जावातली ही चिठ्ठी कंपायलर वाचतो आणि मग काढून टाकतो. पत्रादेवीच्या नाक्यावर मालगाडीचे कागद एकदा तपासले की पुढे पेडण्याच्या रस्त्यावर त्या गाडीस कोणी वळणावळणावर विचारीत नाही, तसेच काहीसे. २००४ पूर्वीचे असंख्य प्रोग्राम बिनतक्रार चालत राहावेत म्हणून ही तडजोड केली. सी-शार्पने चिठ्ठी शेवटपर्यंत ठेवली. माझ्या मते सी-शार्पची रीत अधिक स्वच्छ आहे, पण जुन्यांची सोय पाहणाऱ्यास दोषही देववत नाही.

वचन आणि चिठ्ठी ही दोन्ही एकत्र येतात ती याद्या क्रमाने लावताना. क्रम लावण्याची जी पद्धत टिम पीटर्स यांनी २००२ साली पायथन भाषेसाठी लिहिली, तीच पुढे २०११ साली जावाने उचलली. ही पद्धत जेनेरिक आहे. विद्यार्थी, पुस्तके, गावे, काहीही द्या. ती एकच अट घालते, की दोन वस्तू पुढे केल्या तर आधी कोणती हे सांगणारा कोणीतरी हवा. या सांगणाऱ्याचे वचन म्हणजे कंपॅरेटर हा इंटरफेस. पीटर्सना मराठी येण्याची गरज नाही. मराठीचा क्रम जाणणारा कंपॅरेटर आपण द्यावयाचा.

तो दिला नाही तर काय होते ते पेडणे तालुक्यातील तीन गावांवर पाहा : हरमल, हसापूर आणि हळर्ण. शाळेच्या तक्त्यावर वर्णमाला ‘ह, ळ, क्ष, ज्ञ’ अशी संपते, म्हणून मराठी क्रमाने हळर्ण शेवटी यावे. संगणकाजवळ मात्र अक्षरांचे युनिकोड क्रमांक असतात. तिथे ल २३५४, लगेच ळ २३५५, आणि स पुढे २३६० वर. नुसते क्रमांक पाहून लावलेल्या यादीत हळर्ण मध्ये घुसते आणि हसापूर खाली जाते. क्षीरसागर आडनावाची मंडळी तर थेट ‘क’च्या घरात जाऊन राहतात, कारण ‘क्ष’ला स्वतंत्र क्रमांक नाही, तो क, हलन्त आणि ष मिळून होतो. संस्कृत व हिंदी कोशांत क्ष असाच क च्या पोटात असतो, तेव्हा त्यांना हे खटकणार नाही. आपल्या माणसाचे तसे नाही. छापील यादीत तो शेवटच्या पानावर आपले नाव शोधतो, ते तिथे नसते, आणि मुलाचा अर्ज फेटाळला गेला असे समजून गुपचूप घरी जातो. गरजू माणूस विचारावयास लाजतो, हे आपणांस ठाऊकच आहे.

मौज अशी की हीच तीन गावे उर्दूत लिहिली तर ळ च्या जागी लाम येतो, आणि रे, सीन, लाम या क्रमाने पुन्हा हरमल, हसापूर, हळर्ण अशीच लागतात. मराठीचाच क्रम, पण निराळ्या कारणाने. रोमन लिपीत पोर्तुगीज अमदानीतल्या लेखनाप्रमाणे हरमल व हळर्ण दोघांचाही ‘ह’ गळाला, आणि इंग्रजी यादीत हळर्ण सर्वांच्या वर चढले. क्रम लावणारा प्रोग्राम चारही वेळा तोच. बदलला तो फक्त कंपॅरेटर.

मराठीचा कंपॅरेटर स्वतः लिहावयास हवाच असे नाही. भाषावार क्रमाचे नियम पाळणारे तयार क्लास मिळतात. प्रोग्राम करणाऱ्याने ते मागितले पाहिजेत, आणि काम सोपविताना आपणही हे बजावले पाहिजे. मात्र वचन खरे आहे की नाही हे कंपायलर तपासू शकत नाही. ‘अ’ हा ‘ब’च्या आधी, ‘ब’ हा ‘क’च्या आधी, आणि तरीही ‘क’ हा ‘अ’च्या आधी असे सांगणारा कंपॅरेटर त्याच्या हातून बिनदिक्कत सुटतो. क्रम लावताना ही लबाडी कधी पकडली जाते आणि प्रोग्राम थांबतो, कधी यादी मुकाट्याने चुकते. म्हणून नव्या कंपॅरेटरवर पाच-पन्नास नावे घालून पाहावीत. त्यांत ळ आणि क्ष असलेली नावे मुद्दाम घालावीत.

दोन तालुक्यांची यादी एकत्र करावयाची असेल तर आधी तालुका व मग गाव असे दोन कंपॅरेटर एकामागे एक जोडता येतात. जावात २०१४ पासून त्याची सोय आहे. मग डिचोलीखाली कारापूर, मये, मुळगाव, साळ. त्यानंतर पेडण्याखाली हरमल, हसापूर, आणि सर्वांत शेवटी हळर्ण.