ज्या सर्जनने आपली चूक जगाला सांगितली

सकाळी उठल्या उठल्या, चहाच्याही आधी थायरॉइडची गोळी. आज कितीतरी घरांत आई, काकू किंवा वहिनीचा दिवस असाच सुरू होतो. थायरॉइडच्या कॅन्सरमुळे संपूर्ण ग्रंथी काढावी लागलेली माणसंही याच गोळीच्या आधाराने नोकरी, संसार सगळं नीट सांभाळतात. पण एक काळ असा होता की ऑपरेशन यशस्वी व्हायचं आणि माणूस मात्र हळूहळू खचत जायचा. हे जगासमोर आणणाऱ्या सर्जनचं नाव थिओडोर कोखर.

गळ्याला हात लावायची भीती

कोखर यांचा जन्म 1841 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात झाला. आल्प्सच्या डोंगराळ भागात मातीत आणि पाण्यात आयोडीन कमी, त्यामुळे गलगंडाचे रुग्ण गावोगावी. गाठ वाढली की श्वास कोंडायचा. पण थायरॉइडला रक्तपुरवठा भरपूर असल्याने ऑपरेशन म्हणजे जिवाशी खेळ. अनेक रुग्ण टेबलावरच दगावत.

वयाच्या अवघ्या 31व्या वर्षी कोखर बर्नमध्ये प्राध्यापक झाले. जंतुनाशकांचा वापर, एकेक रक्तवाहिनी शांतपणे बांधण्याची सवय आणि घाई अजिबात नाही, ही त्यांची पद्धत. पुढे त्यांच्या ऑपरेशनमधला मृत्युदर एक टक्क्याच्याही खाली आला.

एका मुलीने दिलेला धक्का

1874 मध्ये त्यांनी 11 वर्षांच्या एका मुलीची संपूर्ण थायरॉइड ग्रंथी काढली. जखम छान भरली. पण काही काळाने तिच्या गावच्या डॉक्टरांनी कळवलं की, मुलगी पार बदलली आहे. सुरुवातीला कोखर यांनी ते फारसं मनावर घेतलं नाही.

1882 मध्ये जिनिव्हाचे सर्जन रेव्हर्दँ यांनीही आपल्या रुग्णांबाबत असंच काही सांगितलं, तेव्हा मात्र ते अस्वस्थ झाले. त्यांनी जुन्या रुग्णांना पुन्हा बोलावून घेतलं. ती मुलगीही आली. तिची वाढ खुंटली होती, चेहरा सुजला होता, बुद्धी मंदावली होती. संपूर्ण ग्रंथी काढलेल्या ज्या 18 जणांना त्यांनी तपासलं, त्यांपैकी 16 जणांमध्ये असेच बदल दिसले.

हे लपवणं सोपं होतं, कारण कागदोपत्री सगळी ऑपरेशन्स यशस्वी होती. पण 1883 मध्ये कोखर यांनी सर्जनांच्या सभेत सगळं मांडलं आणि कॅन्सर असल्याशिवाय संपूर्ण ग्रंथी काढायची नाही, असं ठरवलं. यामागचं कारण सांगताना मात्र तेही चुकले. श्वासनलिकेला इजा झाल्याने असं होतं, असं त्यांना वाटलं. खरं कारण ग्रंथीतून मिळणारं हार्मोन बंद होणं, हे इतरांच्या प्रयोगांतून स्पष्ट झालं.

चुकीतून सापडलेली वाट

ग्रंथीचं काम कळलं, तसा उपायही सापडला. 1891 मध्ये इंग्लंडमध्ये डॉ. जॉर्ज मरे यांनी थायरॉइड पूर्ण मंदावलेल्या एका बाईंना मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचला आणि त्या सुधारल्या. आजची गोळी ही त्याच वाटेवरची पुढची पायरी. ती आहे म्हणूनच कॅन्सरमध्ये गरज पडल्यास आज सर्जन संपूर्ण ग्रंथी काढू शकतात.

1909 मध्ये कोखर यांना नोबेल पुरस्कार मिळाला. हा मान मिळवणारे ते पहिले सर्जन.

हे लक्षात ठेवा

• गळ्यावर गाठ जाणवली, आवाज बराच काळ बसला किंवा गिळताना त्रास होऊ लागला तर डॉक्टरांना दाखवा. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, पण तपासणी हवीच.
• गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत घ्या. कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीत चार तासांचं अंतर ठेवा.
• बरं वाटतंय म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका.
• ऑपरेशन झालं म्हणजे संपलं असं नाही. डॉक्टरांनी दिलेली पुढची तारीख चुकवू नका. कोखर यांनाही ऑपरेशनचा खरा परिणाम कळला तो रुग्ण पुन्हा तपासायला आले तेव्हाच.