जुनी बाइक घेताय? गाडी नावावर होईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. 'टीटी'पासून 'बोजा'पर्यंत सगळं समजून घ्या

यवतमाळ : कापूस विकून हातात चार पैसे आले की घरात एक विषय हमखास निघतो. पोराला कॉलेजला जायला गाडी पाहिजे. नव्या बाइकची ऑन-रोड किंमत लाखाच्या आसपास किंवा पुढे, म्हणून मग ओळखीतली, गावातली किंवा मोबाइलवर जाहिरात पाहिलेली जुनी गाडी बघायला जातात. किक मारून पाहतात, धूर पाहतात, टायर दाबून पाहतात, ओळखीचा मेकॅनिक सोबत नेतात. पण ही गाडी विकण्याचा हक्क समोरच्याला आहे का, हा प्रश्न बहुतेक वेळा कोणी विचारत नाही.

इंजिनचा बिघाड हजार-दोन हजारांत निघतो. कागदाचा बिघाड मात्र काही वर्षांनी डोकं वर काढतो आणि तोवर विकणारा फोन उचलत नसतो. म्हणूनच व्यवहाराआधी या गोष्टी पाहून घ्या.

गाडीचा मालक नेमका कोण?

शेताचा व्यवहार आपण कसा करतो ते आठवा. पैसे दिले, ताबा घेतला, पण फेरफार झाला नाही तर सातबाऱ्यावर जुन्याच मालकाचं नाव राहतं. गाडीचंही तसंच आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ज्याच्या नावावर गाडीची नोंदणी, तो मालक. चावी आणि आरसी बुक तुमच्या खिशात असलं तरी आरटीओच्या नोंदीत नाव बदललेलं नसेल, तर कायदा जुन्याच माणसाला मालक मानतो.

सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी दिलेला एक निकाल हेच सांगतो. एका गाडीची जुलै २००७ मध्ये विक्री झाली. त्यानंतर ती आणखी काही हातांतून फिरली. मे २००९ मध्ये तिचा अपघात झाला, तेव्हा नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावावर होती. 'मी तर गाडी केव्हाच विकली' हे त्याचं म्हणणं टिकलं नाही. तत्कालीन सरन्यायाधीश दीपक मिश्रा, न्या. अजय खानविलकर आणि न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच ठेवली.

म्हणजे नाव बदलून न घेणं हा फक्त घेणाऱ्याचा आळस नाही. त्याचा फटका विकणाऱ्यालाही तेवढाच बसतो.

'टीटी फॉर्मवर सही आहे' म्हणजे काय?

आपल्याकडे जुन्या गाडीच्या बाजारात हे वाक्य सर्रास ऐकू येतं. टीटी फॉर्म म्हणजे नमुना २९ आणि नमुना ३०. नमुना २९ ही विक्रीची सूचना असते, तर नमुना ३० हा नाव बदलण्याचा अर्ज. त्यावर विकणारा आणि घेणारा दोघांच्याही सह्या लागतात.

पहिला मालक कोऱ्या टीटी फॉर्मवर सही करून गाडी देतो. दुसरा तेच फॉर्म तिसऱ्याला देतो, तिसरा चौथ्याला. गाडी चार हात फिरते, नोंदीत मात्र एकच नाव राहतं.

मी स्वतः इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला अशीच एक बाइक सीनिअरकडून घेतली होती. सोबत सही केलेले फॉर्म मिळाले, मी ते आरसी बुकसोबत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून दिले. चार वर्षांनी गाडी विकायला काढली तेव्हा कळलं, की आरसीवरचा माणूस सीनिअर नव्हताच. त्याने ज्याच्याकडून घेतली, त्याच्याही आधीचा तो मालक. ओटीपी त्या माणसाच्या मोबाइलवर जाणार आणि तो नंबर बंद! त्याचं गाव शोधून, दोन चकरा मारून, हातापाया पडून काम झालं. तो भला माणूस होता म्हणून झालं.

तेव्हा साधा नियम ठेवा. आरसीवर ज्याचं नाव, त्याच्याशीच व्यवहार. मधला माणूस विकत असेल तर मूळ मालकाला समोर बोलवा. तो येऊ शकत नसेल तर ती गाडी सोडून द्या.

पैसे देण्याआधी मोबाइलवर काय तपासाल?

- वाहन पोर्टल किंवा एमपरिवहन अॅप : गाडीचा नंबर टाकून नोंदणीची तारीख, वैधता, विमा, पीयूसी आणि कर्जाची नोंद पाहा. मालकाचं नाव अॅपवर पूर्ण दिसत नाही, म्हणून ते मूळ आरसी आणि आधारशी जुळवा.
- चेसिस आणि इंजिन नंबर : गाडीवर कोरलेला नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. तो खरवडलेला, पुन्हा ठोकलेला वाटला तर तिथूनच परत फिरा.
- चोरीची नोंद : एनसीआरबीच्या डिजिटल पोलिस संकेतस्थळावर गाडीचा तपशील भरून ती चोरीच्या नोंदीत आहे का ते पाहता येतं. चोरीचा माल माहीत असून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. माहीत नसलं तरी गाडी जप्त होते आणि पैसे बुडतात.
- ई-चालान : महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चालान संकेतस्थळावर थकीत दंड दिसतो. तो विकणाऱ्याकडूनच भरून घ्या.
- नंबरप्लेट : १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेल्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लावलेली आहे का ते बघा. ती नसेल तर आरटीओतलं काम अडतं.

अडचण १ : आरसीवर फायनान्सचं नाव आहे

सातबाऱ्यावर जसा सोसायटीचा बोजा असतो, तसाच गाडीवर कर्जाचा असतो. आरटीओच्या भाषेत त्याला एचपी म्हणतात. 'हप्ते कधीच फिटले' एवढं तोंडी सांगून भागत नाही. कर्ज फिटलं तरी नोंद आपोआप निघेलच असं नाही. त्यासाठी बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं ना हरकत पत्र आणि त्यांच्या सही-शिक्क्याचा नमुना ३५ लागतो. हे काम विकणाऱ्याने आधी करून द्यावं. हप्ते बाकी असलेली गाडी कंपनी तुमच्या दारातून ओढून नेऊ शकते.

अडचण २ : मूळ मालक हयात नाही

वडिलांच्या नावावरची गाडी मुलगा विकतोय, हे चित्र प्रत्येक तालुक्यात दिसतं. इथे टीटी फॉर्मवर मुलाची सही चालत नाही आणि वडिलांची सही असूच शकत नाही. वारसाने मालकाच्या मृत्यूपासून तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ भरून गाडी स्वतःच्या नावावर करायची असते. मृत्यूचा दाखला लागतो, इतर वारसांची संमती लागते. आधी गाडी वारसाच्या नावावर, मग तुमच्या नावावर, हाच क्रम. नियमांत २०२१ मध्ये झालेल्या बदलानंतर मालकाला आरसीवर नॉमिनीचं नाव नोंदवता येतं. ते असेल तर काम सोपं होतं.

अडचण ३ : गाडी आदिलाबादची आहे

पांढरकवडा, पाटणबोरी, झरी जामणी, वणी या भागात तेलंगणा पासिंगच्या गाड्या कमी किमतीत मिळतात. नंबरच्या सुरुवातीला एपी, टीएस किंवा टीजी दिसलं की हिशेब थांबून करा. दुसऱ्या राज्यातली गाडी इथे नावावर करायची तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे नमुना २८ लागतो. त्यानंतर इथला कर भरून एमएच २९ चा नवा नंबर घ्यावा लागतो. दुसऱ्या राज्याचा नंबर १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे चालत नाही. स्वस्त वाटलेली गाडी कर धरून महाग पडू शकते.

नांदेड, वर्धा, चंद्रपूर किंवा वाशीमची गाडी असेल तर ही कटकट नाही. राज्य तेच असल्याने एमएच २६ किंवा एमएच ३४ हा नंबर तसाच राहतो, फक्त मालकाचं नाव बदलतं.

अडचण ४ : गाडी १५ वर्षांची झाली

दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावं लागतं. त्यासाठीचं शुल्क आणि पर्यावरण कर किती होतो ते आधी विचारा आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्या.

नावावर करायचं कसं?

परिवहन संकेतस्थळावर वाहनविषयक सेवांमध्ये महाराष्ट्र निवडा, गाडीचा नंबर आणि चेसिस नंबरचे शेवटचे पाच अंक टाका. नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी जातो, म्हणून अर्ज भरताना विकणारा शेजारीच बसलेला बरा. त्याचा नंबर बदलला असेल तर आधी तो अपडेट करून घ्या.

लागणारी कागदपत्रं अशी : मूळ आरसी, नमुना २९ आणि ३०, चालू विमा, पीयूसी, दोघांचं आधार, पॅन किंवा नमुना ६० आणि फोटो. दुचाकीसाठी हस्तांतरणाचं सरकारी शुल्क १५० रुपये आहे, स्मार्ट कार्ड आणि टपालाचे पैसे वेगळे. एजंट हजारांत आकडा सांगत असेल तर त्यातलं सरकारी किती, हे विचारायला लाजू नका.

मुदतही लक्षात ठेवा. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. उमरखेड-पुसदहून यवतमाळ लांब पडतं. त्यामुळे ऑनलाइन अर्ज भरून ठेवा आणि आपल्या भागात परिवहन विभागाचं शिबिर असेल तर त्याची तारीख आधीच विचारून घ्या.

विम्याकडे दुर्लक्ष नको

गाडीसोबत थर्ड पार्टी विमा कायद्याने नव्या मालकाकडे येतो, पण १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करून पॉलिसीवर नाव बदलावं लागतं. नाव न बदलल्यास गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघाती संरक्षण. ते पॉलिसीवर नाव असलेल्या मालकासाठी असतं. गाडी तुम्ही चालवताय, नाव दुसऱ्याचं आहे आणि काही बरंवाईट झालं, तर तुमच्या घरच्यांच्या हाती काहीच लागणार नाही.

व्यवहार असा करा

- थोडा बयाणा द्या, बाकी रक्कम टप्प्यात. शेवटचा हप्ता नाव बदलल्याचं ऑनलाइन दिसल्यावरच.
- पैसे शक्यतो यूपीआय किंवा बँकेतून, तेही आरसीवर नाव असलेल्याच्याच खात्यात.
- विक्रीपत्रावर ताबा दिल्याची तारीख आणि वेळ लिहा. गाडीचा गैरवापर झाला तर दोघांनाही उपयोगी पडतं. मात्र नोटरी केलेला कागद म्हणजे हस्तांतरण नव्हे.
- दुकानदाराकडून घेत असाल तर आरटीओचं प्राधिकारपत्र मागा. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी ही व्यवस्था १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे.
- विकणाऱ्याने नमुना २९ ची पोच जपून ठेवावी आणि महिनाभराने अॅपवर नाव बदललं का ते पाहावं.

'आपलाच माणूस आहे, कागद होत राहतील' असं म्हणून गाडी घरी आणू नका. आपलाच माणूस असेल तर तो तुमच्यासोबत आरटीओपर्यंत नक्की येईल.