आपले विचार कोणाचे?

मराठीतील 'आपला' हा शब्द मोठा मनोवेधक आहे. 'त्याने आपले घर बांधले' असे म्हटले म्हणजे ते घर बांधणाऱ्याचे स्वतःचे. 'हे आपले गाव' असे म्हटले म्हणजे बोलणारा आणि ऐकणारा या दोघांचे. आणि 'आपले नाव काय?' असे कोणी अदबीने विचारले, म्हणजे समोरच्या माणसाचे. स्वतःचा, तुमचा-आमचा मिळून आणि समोरच्याचा असे तीन अर्थ हा एकच शब्द निमूटपणे वागवीत असतो. तेव्हा 'आपले विचार' असे ज्या वेळी आपण म्हणतो, त्या वेळी यांपैकी कोणता अर्थ खरा मानावयाचा?

बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते. माझे विचार माझे स्वतःचे. दुसऱ्याच्या सांगण्यावरून मत बनविणारे लोक असतात, पण ते निराळे. गंमत अशी की, ते निराळे लोकही हेच म्हणत असतात. हा प्रश्न केवळ तत्त्वज्ञांच्या करमणुकीचा आहे असेही नाही. कोणाला मत द्यावे, मुलीचे लग्न कोठे करावे, कोणत्या शेजाऱ्यावर विश्वास ठेवावा आणि कोणाचा संशय धरावा, हे सारे आपण आपल्या विचारांनीच ठरवितो आणि त्याची फळे आपल्याबरोबर इतरांनाही भोगावी लागतात. म्हणून हे विचार येतात कोठून, याचा एकदा शोध घेणे अगत्याचे आहे.

प्रथम अगदी घरातला, ज्याला आपण विचारही म्हणत नाही असा विचार घेऊ. मामाच्या मुलीशी विवाह करावा की नाही? महाराष्ट्रातील अनेक जातींत असा विवाह रूढ आहे, किंबहुना कित्येक घरांत तो पसंत केला जातो. मात्र आत्याच्या मुलीशी विवाह सहसा होत नाही. उत्तरेकडील हिंदू कुटुंबांत मामाची मुलगी ही बहीणच, तिच्याशी लग्न ही कल्पनाही त्यांना सहन होत नाही. दक्षिणेत गेले तर मामाची मुलगी चालते, आत्याचीही चालते आणि काही समाजांत बहिणीची मुलगीही चालते. डॉ. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात भारतातील नातेव्यवस्थेचे हे चित्र सविस्तर रेखाटले आहे आणि महाराष्ट्र हा उत्तर व दक्षिण यांच्यामधला दुवा कसा आहे, हेही दाखविले आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही जवळच्या नात्यातील विवाह निषिद्ध ठरविताना, दोन्ही पक्षांच्या रूढीला मान्य असल्यास अशी सवड ठेवली.

आता लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, या तिन्ही प्रदेशांतील माणसाला विचारले तर तो 'आमच्याकडे अशी रूढी आहे' एवढ्यावर थांबत नाही. 'हे स्वाभाविक आहे' किंवा 'हे किळसवाणे आहे' असे तो म्हणतो. ही भावना त्याच्या अगदी आतून, पोटातून येते. आणि तरीही ती त्याच्या जन्मापूर्वीच कोणीतरी ठरवून ठेवलेली असते. इंदूर, ग्वाल्हेर किंवा तंजावर येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांना हे सांगावयास नको. घरात एक रीत आणि उंबरठ्याबाहेर दुसरी, असे ज्याने लहानपणापासून पाहिले आहे, त्याला 'स्वाभाविक' या शब्दाचे वजन थोडे जपूनच करता येते. तात्पर्य, आतून आलेले ते सारे आपले, ही पहिली समजूत टिकत नाही.

पण रूढी ही शतकांची, तिचा प्रभाव पडावयाचाच. डोळ्यांसमोर दिसणाऱ्या साध्या गोष्टीविषयी तरी माणूस स्वतंत्र असतो काय? सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेत १९५१ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग या दृष्टीने विचार करावयास लावणारे आहेत. सात-आठ तरुणांना एका खोलीत बसवून एक रेघ दाखवावयाची आणि शेजारच्या तीन रेघांपैकी तिच्याएवढी रेघ कोणती, हे प्रत्येकाने मोठ्याने सांगावयाचे. फरक इतका उघड, की एकटे असताना चूक जवळजवळ होतच नसे. तथापि या मंडळींपैकी खरा परीक्षार्थी एकच. बाकीचे सारे आधीच शिकवून ठेवलेले. अठरा वेळा रेघा दाखवीत आणि त्यांपैकी बारा वेळा ही मंडळी एकमुखाने चुकीचे उत्तर देत. अशा वेळी त्या एकट्या माणसाच्या उत्तरांपैकी सुमारे ३७ टक्के उत्तरे बहुमताच्या बाजूने, म्हणजे चुकीची आली. एकदा तरी बहुमतापुढे मान तुकविली असे परीक्षार्थी सुमारे तीन चतुर्थांश होते.

हा प्रयोग सांगताना बहुधा येथेच थांबतात आणि माणूस मेंढरासारखा असतो असा निष्कर्ष काढतात. तो न्याय्य नाही. उरलेली सुमारे ६३ टक्के उत्तरे बरोबर होती आणि पाव हिस्सा माणसे एकदाही ढळली नाहीत, हेही तितकेच खरे आहे. शिवाय जे ढळले त्यांना मागाहून विचारता असे दिसले, की काहींना आपल्याच डोळ्यांचा संशय आला, तर काहींना खरे उत्तर ठाऊक असूनही वेगळे पडण्याचा संकोच वाटला. म्हणजे मत बदलणे निराळे आणि मत गिळणे निराळे. पुढे अनेक देशांत हे प्रयोग पुन्हा झाले. १९९६ साली सतरा देशांतील १३३ अभ्यासांचा एकत्र आढावा घेण्यात आला, तेव्हा काळाप्रमाणे आणि समाजाप्रमाणे या झुकण्याचे प्रमाण कमी-अधिक होते असे आढळले. आणखी एक गोष्ट ॲश यांनी दाखविली, तिच्याकडे पुढे पुन्हा वळावयाचे आहे. त्या मंडळींत खरे बोलणारा केवळ एक सोबती मिळाला, की बहुमतापुढे होणाऱ्या चुका सुमारे पाव हिश्श्यावर येत.

येथवर निदान बाहेरचा दाब जाणवतो तरी. याहून सूक्ष्म प्रकार असा, की विचार दुसऱ्याकडून आला आहे हेच आपण विसरतो. याचे अत्यंत करुण उदाहरण हेलन केलर यांच्या बालपणी घडले. एकोणीस महिन्यांच्या असताना त्यांची दृष्टी आणि श्रवणशक्ती गेली. ॲन सलिव्हन या शिक्षिकेने तळहातावर बोटांनी अक्षरे उमटवून त्यांना भाषा दिली. १८९१ साली, अकरा वर्षांच्या वयात, हेलनने 'द फ्रॉस्ट किंग' नावाची एक गोष्ट लिहिली आणि बोस्टन येथील पर्किन्स या अंधांच्या संस्थेचे प्रमुख मायकेल अनॅग्नोस यांना वाढदिवसाची भेट म्हणून धाडली. ती मोठ्या कौतुकाने छापली गेली. थोड्याच दिवसांत ध्यानात आले, की मार्गारेट कॅन्बी या लेखिकेने हेलनच्या जन्मापूर्वी लिहिलेल्या एका परीकथेशी तिचे विलक्षण साम्य आहे. ती परीकथा काही वर्षांपूर्वी हेलनच्या तळहातावर कोणीतरी वाचून दाखविली असावी. कथा मनात राहिली, ती कोठून आली हे पुसून गेले. त्या लहान मुलीला संस्थेतील शिक्षक व अधिकारी यांच्यापुढे चौकशीला उभे राहावे लागले.

१९०३ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात हेलन केलर यांनी या प्रसंगाचा परिणाम सांगितला आहे. साधे पत्र लिहितानाही एकाएकी भीती वाटे आणि हे वाक्य आपण कोठे वाचलेले तर नाही ना, म्हणून ते पुन्हा पुन्हा हातावर जुळवून पाहावे लागे. आत्मचरित्र वाचून मार्क ट्वेन यांनी त्यांना त्याच वर्षी एक पत्र लिहिले. मनुष्याच्या बोलण्यातला बहुतेक भाग उसनाच असतो, अशी समजूत त्यांनी घातली. आणि आपणही एकदा ऑलिव्हर वेंडेल होम्स यांची अर्पणपत्रिका नकळत उचलून स्वतःच्या पुस्तकाला जोडली होती, हे सांगून टाकले.

हेलन केलर यांच्या बाबतीत जे घडले ते आपणा सर्वांच्या बाबतीत नित्य घडत असते. फक्त त्याची चौकशी होत नाही. ऐकलेली गोष्ट स्मरणात राहते, सांगणारा विसरला जातो. तीच गोष्ट दुसऱ्यांदा कानी आली, की ती ओळखीची वाटते आणि ओळखीचे ते खरे असा मनाचा कौल पडतो. लिन हॅशर आणि त्यांचे सहकारी यांनी १९७७ साली असे दाखविले, की काही आठवड्यांच्या अंतराने पुनःपुन्हा सांगितलेली विधाने, मग ती खरी असोत वा खोटी, विद्यार्थ्यांना अधिक खरी वाटू लागतात. पूर्वी हे काम चावडी, वर्तमानपत्र आणि नभोवाणी यांच्या वेगाने चाले. आज ते हातातील मोबाइलच्या वेगाने चालते. एकच मजकूर मेहुण्याकडून येतो, जुन्या वर्गमित्राकडून येतो, इमारतीतील शेजाऱ्याकडून येतो. आणि आपण मनाशी म्हणतो, तीन निरनिराळ्या माणसांनी सांगितले. वस्तुतः साक्षीदार एकच असतो, दारे मात्र तीन.

मग आपले असे काही उरतच नाही काय? उगमाकडे पाहून मालकी ठरवावयाची असेल, तर खरोखरच काही उरत नाही. ज्या भाषेत आपण विचार करतो, ती भाषादेखील आपण घडविलेली नाही. परंतु उगम हीच मालकीची कसोटी, हे गृहीत तरी कशाला धरावे? घरातले विरजण संपले म्हणजे आपण शेजारून चमचाभर आणतो. म्हणून दुसऱ्या दिवशीच्या दह्याला कोणी शेजाऱ्याचे दही म्हणत नाही. दूध आपले, ते तापविण्या-निवविण्याची काळजी आपली. आणि काळजीत कसूर झाली तर नासण्याची जबाबदारीही आपलीच. विचाराचेही असेच आहे. तो कोठून आणला याहून, आणल्यावर आपण त्याचे काय केले, हे अधिक महत्त्वाचे.

जोतीराव फुले यांनी तरुणपणी टॉमस पेन यांचा मानवी हक्कांवरील ग्रंथ वाचला होता. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' लिहिले, तेव्हा ते अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केले. ऋण लपविण्याची त्यांना गरज वाटली नाही. पण पेन यांच्या ग्रंथात पुण्यातील शूद्रातिशूद्रांची दशा नव्हती आणि मुलींच्या शाळेची वाटही नव्हती. ती जोतीरावांनी स्वतः पाहिली आणि १८४८ साली शाळा काढून त्या विचाराला पुण्याच्या मातीत उभे केले. गोपाळ गणेश आगरकर यांच्या लेखनावर मिल आणि स्पेन्सर यांची छाया स्पष्ट आहे. तरीही आगरकरांचे विचार उसने, असे म्हणावयास जीभ रेटत नाही. त्या विचारांसाठी त्यांनी 'केसरी' सोडला, १८८८ साली 'सुधारक' काढला आणि जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पुण्याच्या रस्त्यातून निघालेली पाहिली. इतके मोल देऊन घेतलेली वस्तू कोणाची, हा प्रश्नच उरत नाही.

या उदाहरणांवरून तीन साध्या कसोट्या हाती लागतात. एखाद्या मताचे कारण मला माझ्या शब्दांत सांगता येते काय, की 'सगळेच म्हणतात' येथेच माझी गाडी अडते? त्याविरुद्धची बाजू, तिच्या उत्तम वकिलाकडून मी कधी ऐकली आहे काय? आणि त्या मतामुळे माझी स्वतःची गैरसोय होऊ लागली, तरी मी ते धरून राहीन काय? परंपरेने आलेले मतही या कसोट्यांना उतरले, तर ते निःशंकपणे आपले. आणि काल सुचलेले नवे मत न उतरले, तर ते आपल्या तोंडून बोललेले दुसऱ्याचे मत. प्रत्येक मत असे पारखण्यास आयुष्य पुरणार नाही, हे खरे. परंतु ज्या मतामुळे दुसऱ्याचे नुकसान होण्याचा संभव आहे, तेवढे तरी पारखून घेण्यास वेळ काढलाच पाहिजे. अफवेवर विश्वासून जमावात सामील झालेल्या माणसाला 'तो विचार माझा नव्हता' असे मागाहून म्हणता येत नाही. विचार कोणाचाही असो, हात त्याचा असतो.

आता ॲश यांच्या त्या खोलीकडे पुन्हा वळू. तेथे बसलेल्या एकट्या माणसाला खरे बोलण्याचे बळ आले, ते दुसऱ्या एका माणसाने खरे सांगितल्यामुळे. म्हणजे इतरांचा प्रभाव माणसाला वाकवितो, तसा ताठ उभाही करतो. आपण नेहमी स्वतःला त्या परीक्षार्थ्याच्या जागी कल्पितो आणि आपल्यावर कोणाचा दाब आहे याची चिंता करतो. पण घरात, कचेरीत, मित्रमंडळींत बहुतेक वेळा आपण त्या बाकीच्यांपैकी एक असतो आणि आपल्या बोलण्याकडे किंवा मौनाकडे पाहून दुसरा कोणी आपले मत ठरवीत असतो. आपल्या विचारांत जसे दुसरे आहेत, तसे दुसऱ्यांच्या विचारांत आपण आहोत. 'आपला' या शब्दाचे तिन्ही अर्थ म्हणूनच एकाच वेळी खरे आहेत, आणि पुढे कोणाला तरी विरजण म्हणून द्यावयाचे आहे, एवढे ध्यानात ठेवून विचार बाळगावा, हे बरे.