तबकडीवरची जागा गेली कुठे?

विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या मागाहून, जूनच्या अखेरीस उघडतात. नागपूरच्या एखाद्या शाळेतील संगणक कक्षाचे कुलूप दोन महिन्यांनी निघते. संगणक सुरू होतो, इंटरनेटला जोडला जातो आणि सुट्टीत साचलेल्या सगळ्या सुधारणा उतरवून घेऊ लागतो. थोड्या वेळाने पडद्यावर सूचना झळकते : तबकडीवर जागा शिल्लक नाही. नववीच्या मुलांचा प्रकल्प साठवायचा कुठे?

अशा वेळी पहिला संशय मुलांच्या खेळांवर आणि गाण्यांवर जातो. पण मोजून पाहिले, तर बरीचशी जागा कार्यप्रणालीने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमने, घेतलेली आढळते. संगणकाचे सर्व भाग आणि त्यावरील इतर आज्ञावल्या यांच्यावर देखरेख करणारी ही मूळ आज्ञावली. ती एवढी का फुगली, हे आपण पाहू या.

फ्लॉपीपासून ६४ गिगाबाइटपर्यंत

१९९४ मधील एमएस-डॉस ६.२२ तीन फ्लॉपींत मावत असे. विंडोज ९५ ला सुमारे ५० मेगाबाइट पुरत. विंडोज एक्सपीने (२००१) दीड गिगाबाइट मागितले, तर विंडोज ७ ने (२००९) किमान १६. विंडोज १० ची मागणी २०१९ मध्ये ३२ वर गेली. विंडोज ११ ला (२०२१) ६४ गिगाबाइटची तबकडी लागते. ही सगळी जागा प्रणाली लगेच व्यापत नाही हे खरे; तरी २६ वर्षांत मागणी हजार पटींहून अधिक वाढली.

ही सगळी वाढ वायफळ आहे काय? तसे नाही. डॉसच्या काळात पडद्यावर मराठी अक्षरे उमटवण्यासाठी जिस्ट कार्ड नावाचा वेगळा भाग संगणकात बसवावा लागे. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले हे काम पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेले. विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय प्रणालीतच आली. एक्सपीमध्ये मात्र ती वेगळी निवडावी लागे आणि तिला सुमारे १० मेगाबाइट लागत. आता जोडाक्षरांचे नियम आणि देवनागरी टंक प्रणालीबरोबरच येतात. आपली मराठीही त्या जागेत भागीदार आहे.

इतवारीतील ठोक व्यापाऱ्याचे दुकान आठवा. दर्शनी गाळा लहान, मागचे गोदाम मोठे. आपल्याला एकच जिन्नस हवा असतो, पण व्यापाऱ्याला सर्व गिऱ्हाइकांचा माल ठेवावा लागतो. प्रणालीतही अनेक लिप्या आणि नाना तऱ्हेच्या यंत्रांची जुळणी असते.

गोदामात आणखी काय?

पहिली गोष्ट, जुन्या प्रती. सुधारणा बिघडलीच तर मागे फिरता यावे, म्हणून आधीच्या फाइली राखून ठेवतात. मोठी सुधारणा झाल्यावर संपूर्ण जुनी प्रणाली साधारण दहा दिवस बाजूला ठेवलेली असते. ही खबरदारी आहे, कचरा नव्हे.

दुसरी, झोपेची नोंद. संगणक 'हायबरनेट' होतो तेव्हा स्मृतीतील मजकूर तबकडीवर लिहिला जातो. त्यासाठी विंडोज १० स्मृतीच्या साधारण ४० टक्के जागा धरून ठेवते. स्मृती ४ गिगाबाइट असेल, तर १.६ गिगाबाइट गेले.

तिसरी, राखीव जागा. २०१९ पासून नव्या संगणकांवर सुधारणांसाठी सुमारे ७ गिगाबाइट अडवलेले असतात.

शिवाय मोजमापाचाही घोळ आहे. वेष्टनावरील ३२ गिगाबाइट म्हणजे ३२ अब्ज बाइट. विंडोज मात्र १०२४ च्या पटीत मोजते, म्हणून तिथे २९.८ दिसतात. वरील दोन रकमा वजा केल्या की सुमारे २१ उरतात. त्यातच प्रणाली, तिच्या जुन्या प्रती, इतर आज्ञावल्या आणि मुलांचे काम बसवायचे!

दोष कोणाचा?

नवी सोय यावी हे सर्वांना हवे असते, जुनी काढावी असे मात्र कोणी म्हणत नाही. स्वित्झर्लंडचे संगणकतज्ज्ञ निक्लाऊस व्हिर्ट यांनी १९९५ मध्येच आटोपशीर आज्ञावल्यांचा आग्रह धरला होता. यंत्रे वेगवान होतात त्याहून अधिक झपाट्याने आज्ञावल्या मंद होतात, असे त्यांनी दाखवून दिले. हा एकाच कंपनीचा दोष नव्हे. लिनक्सवर आधारित उबुंटू २०१२ च्या सुरुवातीपर्यंत एका सीडीत मावे. नंतर तीही मावेनाशी झाली.

शाळेने काय करावे?

विंडोजच्या फोल्डरमधील फाइली हाताने पुसू नयेत. तेथे एकच फाइल दोन ठिकाणी दिसू शकते, जसे ग्रंथालयात एकाच पुस्तकाची दोन कार्डे असतात. त्यामुळे दिसणारा आकार खऱ्याहून मोठा असतो, आणि चुकीची फाइल गेली तर संगणक सुरूच होणार नाही. 'डिस्क क्लीनअप'मधून प्रणालीच्या फाइली निवडून काढाव्यात. टेबलावरच्या संगणकाला हायबरनेटची गरज नसेल, तर ते बंद करावे.

विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणून चालते संगणक भंगारात काढायचे का? त्याआधी हलकी लिनक्स प्रणाली पेन ड्राइव्हवरून चालवून पाहावी. तबकडीवरील काही पुसावे लागत नाही. सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने तयार केलेली 'बॉस' ही भारतीय लिनक्स प्रणाली आहे. केरळच्या शासकीय शाळांत लिनक्सवरच शिक्षण चालते. मात्र शाळेला लागणाऱ्या आज्ञावल्या तिच्यावर चालतात ना, हे आधी तपासावे आणि मुलांच्या कामाची प्रत काढून ठेवावी.

करून पाहा

सेटिंग्जमधील 'स्टोरेज' उघडून प्रणाली, आज्ञावल्या आणि मुलांचे काम यांचे आकडे मुलांना लिहून घ्यायला सांगा. त्यांचा वृत्तालेख काढा. महिन्याने पुन्हा मोजा आणि दोन वर्तुळे शेजारी ठेवा. कोणता तुकडा वाढला, हे मुलेच तुम्हाला सांगतील. मग खेळ-गाण्यांवरचा आरोप खरा की खोटा, याचा निकाल वर्गातच लागेल.