मित्रांचे नकाशे आणि सातपुड्याचा पायथा

ज्या मोबाइल ॲपमध्ये नकाशावरील माहिती एखादी कंपनी किंवा सरकारी खाते एकटे भरत नाही, तर वापरणारी माणसेच ठिकाणे नोंदवतात, त्यांविषयी अभिप्राय लिहितात आणि इच्छा असल्यास स्वतः या क्षणी कोठे आहेत हेही मित्रांना दाखवतात, त्याला सामाजिक नकाशा-ॲप म्हणता येईल. हा प्रकार महानगरांत जन्मला. न्यूयॉर्कमध्ये डेनिस क्राउली आणि ॲलेक्स रेनर्ट यांनी घडवलेली ‘डॉजबॉल’ ही सेवा साध्या एसएमएसवर चालत असे. गूगलने ती २००५ मध्ये विकत घेतली आणि २००९ मध्ये बंद केली. त्याच वर्षी क्राउली यांनी नवीन सेल्वादुराई यांच्यासह ‘फोरस्क्वेअर’ आणले आणि पोहोचलेल्या जागेची नोंद मित्रांना कळवण्याची, म्हणजे ‘चेक-इन’ची, पद्धत जगभर रुजवली. स्नॅपचॅटने २०१७ मध्ये मित्रांची ठिकाणे सतत दाखवणारा नकाशा सुरू केला.

या ॲपांची सारी उपयुक्तता नोंदी करणाऱ्यांच्या संख्येवर उभी असते. पुण्यातील एखाद्या पेठेत प्रत्येक खानावळीखाली शेकडो अभिप्राय सापडतात. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेस, पूर्णेच्या खोऱ्यातील काळी जमीन आणि सातपुड्याची रांग यांच्यामध्ये वसलेल्या संग्रामपूर तालुक्यात मात्र तेच ॲप उघडले की शेगावकडे जाणारे रस्ते दिसतात, मोठ्या गावांची नावे दिसतात आणि डोंगराकडे सरकताच नकाशा विरळ होऊ लागतो. तालुका पाहण्याजोगा नाही, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. मेळघाट व्याघ्र प्रकल्पात मोडणारे आंबाबरवा अभयारण्य, सोनाळ्याचे संत सोनाजी महाराज संस्थान आणि अकोला जिल्ह्याच्या सीमेवरील वान नदीचे धरण ही सारी याच परिसरात आहेत.

त्यामुळे येथील तरुणांच्या गटाला मित्र कोठे आहे हे सांगणाऱ्या ॲपपेक्षा जागा कोणती आहे हे नोंदवू देणारे साधन अधिक मोलाचे ठरते. असे सर्वांत मोठे साधन म्हणजे स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू केलेला ‘ओपनस्ट्रीटमॅप’. त्यात कोणीही भर घालू शकतो आणि श्रेय देऊन त्यातील माहिती कोणीही वापरू शकतो. गूगलच्या बंगळूरमधील अभियंत्यांनी घडवलेले ‘मॅप मेकर’ २००८ पासून अशाच नोंदी स्वीकारत होते, परंतु ते २०१७ मध्ये बंद झाले. स्वयंसेवकांचे श्रम खुल्या नकाशात पडावेत, हे या इतिहासावरून पटते. भारतातही केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये नकाशाविषयक नियम बरेच सैल केले.

खुल्या नकाशात एकाच ठिकाणाचे नाव अनेक भाषांत नोंदवण्याची सोय असते, आणि या पायथ्याशी तिचे महत्त्व फार मोठे आहे. येथे मराठीबरोबर कोरकू आणि भिल्ली बोलणारे लोक राहतात; शिवाय कोणत्याही भाषाकुलाशी नाते सिद्ध न झालेली निहाली भाषा याच जळगाव जामोद-संग्रामपूर पट्ट्यात टिकून आहे. ओढे, टेकड्या आणि पायवाटा यांची नावे वडीलधाऱ्यांच्या तोंडी असतात, तर व्याघ्र प्रकल्पातील अनेक गावांचे पुनर्वसन झाल्याने जुनी गावठाणे ओळखणारी माणसेही दरवर्षी कमी होत आहेत. मोबाइल घेऊन फिरणाऱ्या चार मित्रांनी एखाद्या आजोबांना सोबत नेले, तर ती नावे वाचतील.

डोंगरात नेटवर्क नसले तरी हे काम अडत नाही, कारण जीपीएस यंत्रणा उपग्रहांचे संकेत थेट पकडते. नकाशा तेवढा गावातच उतरवून घ्यावा लागतो, आणि ‘ऑरगॅनिक मॅप्स’सारखी ॲपे तो मोबाइलमध्ये साठवून ठेवतात.

स्वतःचे ठिकाण दाखवण्याबाबत मात्र सावधगिरी हवी. विशेषतः मुलींच्या बाबतीत, ते कोणाला आणि किती वेळ दिसावे याचा निर्णय त्यांचाच असला पाहिजे. बहुतेक ॲपांत ठरावीक तासांपुरतेच ठिकाण दाखवण्याची सोय असते. वन्यजीवांनाही तेच संरक्षण लागते. निसर्गनोंदींच्या ‘आयनॅचरलिस्ट’ या ॲपवर संकटग्रस्त प्रजातीचे छायाचित्र चढवले की तिचे नेमके स्थान इतरांना न दाखवता केवळ ढोबळ परिसर दाखवला जातो. मित्रांच्या गटात पाठवलेल्या साध्या नकाशा-दुव्याला असा पडदा नसतो, म्हणून आंबाबरव्यात दिसलेल्या वाघाचे ठिकाण गटात टाकू नये.