जुन्या लुगड्याचें मसोतें

जुन्या वस्त्राचें पुढें काय करावें, हा प्रश्न आमच्या आज्या-पणज्यांना कधीं पडलाच नाहीं. नऊवारी लुगडें विरलें कीं त्याची गोधडी होई. गोधडीस पुरें न पडेल त्याचें बाळाला दुपटें होई. दुपटें फाटलें कीं त्याचें मसोतें, आणि मसोत्याचें अखेर पोतेरें. आतां जुने कपडे गांठोड्यांत बांधून माळ्यावर पडून राहतात, आणि तापलेलें पातेलें उतरवितांना हाताशीं कांहीं नसलें म्हणजे घरची गृहिणी पदराचें टोक पुढें करते. या सवयीविषयीं व तिच्यावरील एका सोप्या उपायाविषयीं चार शब्द लिहावे, असें आम्हांस वाटतें.

पूर्वीं घरांत नेसावयाचें लुगडें बहुधा सुती असे. १९४१ सालीं इंग्लंडांत विनफील्ड व डिक्सन या रसायनज्ञांनीं शोधून काढलेला पॉलिएस्टरचा धागा आज साड्यांत, ओढण्यांत व सदऱ्यांत सर्वत्र शिरला आहे. तो सोयीचा आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु सुमारें २५० ते २६० सेंटिग्रेड अंशांवर तो वितळतो, आणि मोठ्या जाळावर राहिलेला कोरडा तवा इतका सहज तापतो. वितळलेलें कापड कातडीस चिकटून बसतें व भाजलेली जागा अधिक खोल होते. सूत वितळत नाहीं, तें करपतें. तथापि ज्योत लागली असतां सुती पदरही पेटतोच. म्हणून पदर कोणताही असो, तो कमरेस खोंचलेला असावा आणि भांडें धरावयास वेगळें मसोतें असावें.

कापड निवडतांना प्रथम त्याची पारख करावी. एक धागा ओढून, चिमट्यांत धरून ज्योतीस लावावा. सूत कागदासारखें जळतें, वासही कागदाचाच येतो, व मऊ राख उरते. पॉलिएस्टरचा धागा आक्रसतो आणि त्याचा कठीण मणी बनतो. टेरीकॉटमध्यें दोहोंचें मिश्रण असतें. तेंही या कामास वापरूं नये.

या कामीं नव्या कापडापेक्षां जुनें सरस, हा केवळ काटकसरीचा विचार नव्हे. वर्षानुवर्षांच्या धुण्यांत त्यांतील खळ निघून गेलेली असते व आटावयाचें तेवढें तें आटलेलें असतें. त्यामुळें शिवल्यानंतर एक थर आटून दुसरा सैल पडत नाहीं. मात्र कापड उजेडासमोर धरून पाहावें व फार विरलेला भाग सोडून द्यावा. लुगड्याचे काठ बहुधा शेवटपर्यंत टिकतात. ते कडेच्या गोटास व टांगण्याच्या नाडीस राखून ठेवावे.

आतां कृति. ८ इंचांचे चौकोन कापावे. लुगड्याचे सहा थर घेऊन त्यांच्या मधोमध जुन्या सुती टॉवेलचे दोन थर घालावे व लांब टांक्यांची कच्ची शिवण घालून सर्व एकत्र बांधावे. नंतर गोधडीस घालतों तसा धावदोरा कडेपासून चौकोनी फेऱ्यांनीं मध्यापर्यंत न्यावा. दोन ओळींत एका बोटाचें अंतर ठेवावें आणि दोरा किंचित् ओढून घ्यावा, म्हणजे मधलें कापड फुगून वर येतें. हे उंचवटे नुसते शोभेचे नव्हेत. त्यांत हवा कोंडून राहते व तिच्यांतून उष्णता सावकाश जाते. शिवाय अंग खरबरीत झाल्यानें तुपट भांडेंही हातांतून निसटत नाहीं. ओळी फार दाट घातल्या तर थर दबतात व हा गुण जातो.

येथें एक गोष्ट विसरूं नये. पाण्याची उष्णता वाहून नेण्याची शक्ति हवेच्या वीसपटींहून अधिक आहे. मसोतें भिजलें कीं हवेची जागा पाणी घेतें आणि हाताला तत्काळ चटका बसतो. म्हणून हात पुसण्याचें फडकें वेगळें व भांडें धरण्याचें मसोतें वेगळें, अशा दोन खुंट्या चुलीपासून थोड्या दूर असाव्या.

धोतराच्या तीन बोटें रुंद पट्ट्या फाडून त्यांची वेणी घालावी. ती कड्यासारखी गुंडाळून शिवली कीं गोल बुडाच्या भांड्यास चुंबळ होते. सपाट चकतीसारखी शिवली तर जेवणाच्या टेबलावर गरम पातेल्याखालीं ठेवतां येते.

एकत्र कुटुंबांत जो हात आमटीचें पातेलें उतरवितो, तो आज सुनेचा, उद्यां सासूचा, तर परवां सुटीवर आलेल्या मुलाचाही असतो. या सर्वांस पुरतील अशीं निदान चार मसोतीं घरांत असावीं. वडील बायकांच्या बोटांत धावदोरा अजून आहे. त्यांच्याजवळ बसून तो शिकून घ्यावा. माळ्यावरचें गांठोडें या रविवारीं खालीं काढावें, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.