प्लाय कुठे, सागवान कुठे?

जुन्या नाशकातल्या वाड्यांचे खांब आणि तुळया सागवानी. आजच्या घरातल्या फर्निचरला मात्र सागवान आणि प्लाय यांची जोडी उत्तम.

• स्वभाव : भरीव लाकूड उन्हाळ्यात आक्रसतं, पावसाळ्यात फुगतं, तेही मुख्यतः रुंदीत. प्लायचे थर एकमेकांना काटकोनात चिकटवलेले असल्याने तो फारसा हलत नाही.

• प्लाय : कपाटाचा सांगाडा, पाठ, पलंगाचा तळ अशा रुंद भागांसाठी. सिंकजवळ ‘आयएस ७१०’ शिक्का असलेला मरीन प्लाय घ्या.

• सागवान : पाय, दाराची चौकट, मुठी, जिथे भार पडतो, धक्का बसतो, रोज हात लागतो तिथे.

• कड : प्लायच्या उघड्या कडेला सागवानी पट्टी चिकटवून रंध्याने समपातळीत आणा. थर झाकले जातात, कोपरे टवके उडण्यापासून वाचतात.

• हे टाळा : रुंद सागवानी फळी प्लायवर पूर्ण चिकटवू नका; ऋतू पालटला की तडा जातो किंवा बाक येतो. खालून लांबट भोकांतून स्क्रू मारा, म्हणजे फळीला हलायला जागा राहते.

• खरेदी : सागवान नीट वाळलेलंच घ्या. ओल्या लाकडाचे सांधे पुढे हमखास उघडतात.